चार कोंबड्या, एक काटा आणि ताई

१२ नोव्हेंबर, रविवार

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयानं ही वही दिली होती. दोन वर्षं कपाटात पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं. ताईला माझ्याकडे घेऊन आलो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले आणि तिनंच मला वाढवलं, त्यामुळे ती बहीण कमी आणि फौजदार जास्त. मेहुणे गेल्यापासून एकटीच राहत होती. आता तिच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढायला हवी; ठेवली तर वाढत जाईल. मात्र एवढ्या अशक्त बाईला ते टेबलावर घेणार नाहीत. "चाळीस किलो करून आणा, मग तारीख देतो. पण फार रेंगाळू नका."

घरी आल्या आल्या तिला काट्यावर उभं केलं. ३७ किलो ८०० ग्रॅम.

"झालं तुझं समाधान?" ती म्हणाली. "आता बटाट्यांच्या शेजारी ठेवून दे मला."

एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दोन किलो दोनशे ग्रॅम म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? लोकांची वजनं तपासण्यात हयात गेली, आता एक वाढवून दाखवायचं आहे, एवढंच.

१५ नोव्हेंबर, बुधवार

खात नाही. ताट जसंच्या तसं परत येतं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, रोज दोन अंडी आणि कोंबडीच्या हाडांचं सूप, मंद आचेवर तीन-चार तास उकळलेलं.

बाजारातली अंडी आणली. फोडून बघितली तर पिवळा बलक बशीत पसरला. शिळी. ताजं अंडं हवं तर कोंबडी दारात हवी. मागचं अंगण रिकामंच आहे. वाचनालयातून कोंबडीपालनाची दोन पुस्तकं आणली आणि तक्ता केला: जात, वर्षाची अंडी, अंड्याचं वजन, कोंबडीचं वजन, स्वभाव. पांढरी लेगहॉर्न अंड्यांत पहिली, पण अंगावर मांस नाही आणि स्वभावानं घाबरट. तांबडी ऱ्होड आयलंड दोन्हीकडे बरी. गावठीचं सूप उत्तम, पण ती मनात येईल तेव्हाच अंडी देते.

तक्ता ताईला दाखवला. चष्मा लावून तिनं तो पूर्ण वाचला.

"बायको अशी शोधली असतीस तर आज घरात माणूस असतं."

१८ नोव्हेंबर, शनिवार

कोंबड्या आल्या. कोंबड्या विकणारी पिंजरेवाली बाई गावाबाहेर राहते आणि तोंडाची भलती फटकळ. मी तक्ता उघडला तर म्हणाली, "साहेब, कोंबडी काय कागदावर अंडी घालते का?" मग तिनंच निवडून दिल्या. दोन पांढऱ्या आणि एक तांबडी, तिन्ही तलंगा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत पहिलं अंडं देतील अशा. चौथी काळी, जाडजूड, तीन वर्षांची, अंडी आटलेली. "ही सुपाला. तलंगेच्या हाडात काय असतंय? सुपाला म्हातारीच हवी. महिनाभर चांगलं खाऊ घाला, मग कापा."

मी म्हटलं, सुपाची एवढी घाई आहे तर काळी एकटीच आधी घेऊन जातो, बाकीच्या पुढच्या आठवड्यात. तर तिनं मला वेड्यात काढलं. "एकटी कोंबडी दाणे टिपत नाही, साहेब. दुसरी टिपायला लागली की हीपण टिपते. एकटीपुढं पोतं ओता, नुसती बघत बसेल."

उपयुक्त माहिती. तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली.

ताईची खुर्ची मागच्या दारात उन्हाला ठेवली आहे. दुपारभर ती कोंबड्यांकडे बघत होती. पांढऱ्या कुंपणावरून उडायला बघतात. काळी खुर्चीखाली जाऊन बसली.

१९ नोव्हेंबर, रविवार

रविवार हा वजनाचा दिवस ठरवला. ताई ३७.८००. काळी २.१००. बाकीच्या किरकोळ.

ताईच्या जेवणाला आता शिस्त लावली आहे. ताट वाढून खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवतो, काय किती वाढलं ते वहीत लिहितो, थोडा वेळ उभा राहतो आणि मग आत जातो. रुग्णाला मोकळीक हवी. ती रोज विचारते, "आणि तू?" मी सांगतो, "माझं नंतर." ताईचा स्वयंपाक एकट्यानं करायचा, अंगण झाडायचं, खुराडं धुवायचं. माझं चहा-पावावर भागतं, ओट्यापाशी उभ्या उभ्या.

२६ नोव्हेंबर, रविवार

३८.०५०! अडीचशे ग्रॅम वाढ. गेले तीन दिवस ताट स्वच्छ परत येतंय, बाजारचं असूनही अंडं तर पूर्ण. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि वहीत लाल शाईनं लिहिला. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. "एवढा आनंद तुला चौथीत पहिला आलास तेव्हा झाला होता," म्हणाली.

काळी २.२५०. खुराक चौघींना सारखाच घालतो.

२९ नोव्हेंबर, बुधवार

ताईला रिकामं बसवत नाही. आज म्हणाली, "तुझी ती पितळी वजनं काळी पडलीत, दे इकडे, चकचकीत करते." माझी पेटी! किलोपासून दहा ग्रॅमपर्यंतची प्रमाण वजनं, प्रत्येकाला मखमलीत त्याच्या मापाची खाच. निवृत्त होताना एका जुन्या तराजूवाल्यानं भेट दिली होती. आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही. पण बाई आपणहून काहीतरी मागते आहे. पेटी तिच्या उशाशी नेऊन ठेवली. फडकं आणि पावडरही दिली.

३ डिसेंबर, रविवार

३८.२००. हळूहळू, पण वाढतंय. आणि आज पहिलं अंडं! पांढरीनं दिलं, ४१ ग्रॅम. लहान आहे, पण पहिलंवहिलं लहानच असतं म्हणे. उकडून ताईला दिलं. पाच मिनिटांनी आलो तर बशीत नुसती टरफलं. काळी खुर्चीखाली चोच पुसत होती.

७ डिसेंबर, गुरुवार

शेजारचा शिंपी रस्त्यात भेटला. ताईच्या परकराला आतून दोन खिसे लावून दिले म्हणाला, चांगले जाड कापडाचे. बायकांना किल्ल्या-बिल्ल्या ठेवायला लागतात. मी विचारलं, किती झाले? म्हणाला, "त्यांनी दिलेत. तुमची पँट मात्र कमरेत घेऊन देतो, आणा एकदा. हँगरला टांगल्यासारखी दिसते." मी सांगितलं, कापड सैल पडलंय. पट्टाही जुना झाल्यामुळे ताणला गेलाय. परवाच खिळ्यानं त्याला नवीन भोक पाडलं.

१० डिसेंबर, रविवार

३८.५५०. तांबडीही सुरू झाली, तपकिरी अंडं, ४६ ग्रॅम. आता रोज दोन अंडी घरची. ताई दोन्ही फस्त करते.

"तू घे ना एक," म्हणाली.

"माझं वजन काय वाढवायचंय? तू खा."

काळी २.५००. कमाल आहे. पुस्तकात या वयाला एवढी वाढ दिलेली नाही. पिंजरेवालीचा हात चांगला आहे, हे मान्य करायला हवं.

१६ डिसेंबर, शनिवार

उद्यापरवा काळीला खाटकाकडे नेणार होतो. महिना होत आला. पण ताई तिला मांडीवर घेऊन बसली होती. छातीचं हाड चाचपत होती, पंखाखाली बोटं घालून बघत होती. मला बघून म्हणाली, "अजून नको. अजून थोडी भरू दे."

जीव जडला आहे तिचा. आजारी माणूस मुक्या जनावराला धरून बसतं, त्यात नवल नाही. सूप तर हवं, पण हिच्या मांडीवरून उचलून नेऊ कशी? वजन तसंही वाढतंय. सुपाचं पुढं ढकललं.

खरं लिहायचं तर माझाही पाय निघत नाही. सकाळी दार उघडलं की ती सगळ्यांत आधी येते.

२४ डिसेंबर, रविवार

३९.३००. गेल्या रविवारी ३८.८००. आठवड्यात पाचशे! डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, उत्तम, चाळीस भरले की घेऊन या, तारीख ठरवू. फोन ठेवला आणि वही उघडली. तिच्यासमोर मी रोज फुशारकी मारतो, पण या वहीला सांगायला हरकत नाही: तिला काही झालं तर मला 'बाळ्या' म्हणणारं जगात कुणी उरणार नाही. साठीच्या माणसानं असं लिहू नये. लिहिलं.

ताईचा चेहरा मात्र वजनाच्या मानानं भरलेला दिसत नाही. गालाची हाडं तशीच आहेत. काहींच्या अंगावर मांस आधी खाली चढतं, असं मी ऐकलं आहे.

३१ डिसेंबर, रविवार

३९.६००. काट्यावर चढताना ताईनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. फार सावकाश चालते हल्ली, दोन्ही हातांनी परकर धरून. अशक्तपणा जाता जाता जाईल.

७ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते क्रमानं लिहितो.

ताई काट्यावर उभी राहिली. ३९.६५०. मी म्हटलं, आता चाळीस हाताशी आलं आहे, तर काटा एकदा तपासून घेऊ. दर तीन महिन्यांनी काटा प्रमाण वजनांनी तपासायचा, हा माझा नियम. दवाखान्यातल्या काट्याशी फरक निघाला तर माझीच नाचक्की.

"आत्ताच कशाला?" ताई म्हणाली.

"तू उभी राहा, मी पेटी आणतो."

पेटी उचलली तेव्हाच हाताला हलकी लागली. उघडली. मखमलीत खाचा होत्या, त्यांत वजनं नव्हती. किलोची खाच रिकामी. अर्ध्या किलोची रिकामी. दोनशेच्या दोन्ही रिकाम्या. शंभराची रिकामी. पन्नासाचं आणि बारीकसारीक तेवढी जागेवर, आरशासारखी चकचकीत. रिकाम्या खाचांची बेरीज दोन किलो.

एकोणचाळीस सहाशे पन्नासातून दोन किलो गेले, उरले सदतीस सहाशे पन्नास. आली तेव्हापेक्षा दीडशे ग्रॅम कमी.

बाहेर आलो. ती काट्यावरच उभी होती, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखी. मी उघडी पेटी तिच्यापुढं धरली. तिनंच परकराच्या आत हात घातला आणि एकेक वजन काढून माझ्या हातात दिलं. पितळ तिच्या अंगानं कोमट झालं होतं.

एकतीस वर्षांत मी लोकांच्या तागडीखालचे लोहचुंबक शोधले. वजनाचं बूड पोखरून आत लाख भरणारे पकडले. माझं नाव ऐकलं की बाजारात दुकानांची फळकुटं खाली यायची. आणि माझ्याच घरात, माझ्याच काट्यावर, माझ्याच वजनांनी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी ओरडलो. ताईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "डॉक्टर वजन बघून भुलीचं औषध देतात! तू तिथं अशी गेली असतीस तर?"

"तिथं काय पेटी नेणार होते? तोवर खरंच वाढेल असं वाटलं होतं मला."

"पण का?"

ती खुर्चीत बसली. "पहिल्या रविवारी आकडा तिथंच राहिला तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. दिवसभर तसाच फिरत होतास. म्हटलं, दोनशे ग्रॅमनं पोराचं तोंड उजळत असेल तर उजळू दे. पुढच्या रविवारी तांब्यातलं पाणी पिऊन चढले, नंतर तुझी पेटी मागितली. मग थांबता येईना. दर रविवारी तुला जास्त हवं."

"आणि अंडी? ताटं?"

तिनं खुर्चीखाली बघितलं. काळी पाय पोटाशी घेऊन बसली होती. शेवटच्या वजनाला २.९००.

"घशाखाली उतरतच नाही रे. तू ताट ठेवतोस आणि परीक्षेवरच्या मास्तरांसारखा वही घेऊन उभा राहतोस. मग आत जाऊन पाव खातोस, मला दिसतं इथून. लहानपणापासून तुझं झाल्याशिवाय मी कधी जेवले का? आता उलटं कसं जमणार? ऊठ."

"काय?"

"उभा राहा काट्यावर. खिशातल्या किल्ल्या काढून."

उभा राहिलो. ५६.८००. ऑक्टोबरात मी ६२ होतो.

"कापड सैल पडलंय म्हणे," ताई म्हणाली. शिंप्यानं सगळं सांगितलेलं दिसतंय.

नंतर मी म्हटलं, निदान काळीला तरी जीव लावलास, तिला आपण ठेवू. ताईनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"जीव? सुपासाठी आणलीस ना तिला? मग दीड महिना मी पोसत होते कुणासाठी? तुझ्यासाठी तयार करत होते. उद्या खाटकाकडे ने."

८ जानेवारी, सोमवार

नेली. वाटभर ती काखेत शांत बसून होती, मीच नव्हतो. खाटकानं विचारलं, "पाळलेली दिसते?" मी मान हलवली. दुकानाबाहेर उभा राहून मी रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या.

पिसं ताईनं स्वतः काढली, गरम पाण्यात बुडवून, कोवळ्या उन्हात बसून, एकही तूस न ठेवता. तिचे हात मला आठवतात तसेच चालत होते. चार तास मंद आचेवर. वर सोन्यासारखा तवंग आला.

स्टूल काढून टाकलं आणि मेज मागच्या दाराशी ओढलं. दोन वाट्या. मी वही आत ठेवली. ताई माझा पहिला घोट जाईपर्यंत थांबली. मग वाटी तोंडाला लावली. दोघांनीही काळीचं नाव काढलं नाही. मी दोन वाट्या प्यालो, तिनं एक पूर्ण, आणि मग वाटी पुढं करून म्हणाली, "अर्धी घाल."

तोंड पुसायच्या निमित्तानं मी आत गेलो. तक्त्याच्या मागं पिंजरेवालीचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं. दीड महिना माझ्याच घरात पडून होतं.

१४ जानेवारी, रविवार

३७.९५०. खिसे तपासले. ताई म्हणाली, "झडती घेणारा भाऊ मिळायला नशीब लागतं."

२८ जानेवारी, रविवार

३८.४००. डॉक्टरांना खरं सांगून टाकलं, तारीख पुढं गेली. ते आधी रागावले, मग खो खो हसले, मग पुन्हा रागावले. आता वेळ दवडू नका म्हणाले.

मी ५८.१००. पिंजरेवालीकडून सुपासाठी आणखी दोन म्हाताऱ्या आणल्या. त्यांना खुर्चीपासून लांब ठेवलं आहे. जीव माझाच जडतो, तिचा नव्हे.

११ फेब्रुवारी, रविवार

३९.१५०. गाल भरतायत. अंडं खाताना ताई आधी पांढरं खाते आणि बलक शेवटी ठेवते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी तिच्या वाट्याला अख्खं अंडं आलेलं मी पाहिलंच नाही. मी विचारलं. "तेव्हा मला आवडत नसे," म्हणाली आणि बलक तोंडात टाकला.

२५ फेब्रुवारी, रविवार

४०.१००. खिसे, पदर, चपला, सगळं बघितलं. मग दोनदा उतरवून पुन्हा चढवलं. तारीख मिळाली: शुक्रवार, १ मार्च.

१ मार्च, शुक्रवार

दवाखान्याच्या काट्यावर ४०.२००. माझ्या काट्याशी फरक निघाला नाही.

आत नेताना ताई म्हणाली, "कोंबड्यांचं दार लाव. आणि जेव." अडीच तास लागले. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाले, निघाली सगळी. मी त्यांचा हात धरला तो सोडायचं लक्षात राहिलं नाही.

५ मार्च, मंगळवार

ताई बरी आहे, दवाखान्यातच. जखम भरतेय. भेटायला संध्याकाळी एक तास देतात. बाकी दिवस लांबलचक आहे. सकाळी तीन अंडी निघाली. दोन उकडली, मेजावर ठेवली, समोर बसलो. दुपारी कोंबड्यांना घातली. चहा केला.

९ मार्च, शनिवार

उद्या ताई येणार. झाडलोट केली. सहज काट्यावर उभा राहिलो. ५७.२००. ती गेली तेव्हा ५९.४०० होतो.

पेटी उघडली. नुसती बघितली. ताईनं घासलेली वजनं अजून लकाकतात.

१० मार्च, रविवार

ताई घरी आली. पायरी चढताना हात दिला तर म्हणाली, "सोड, मी काय अंडं आहे?" मागच्या दारात खुर्चीवर बसली, कोंबड्या मोजल्या, पांढरीला एक शिवी दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज रविवार. तू आधी."

काट्यावर चढलो. ५९.२००.

"बरं ठेवलंयस स्वतःला," ती म्हणाली. मी उतरणार तेवढ्यात तिनं बसल्या जागेवरून तळहात पुढं केला. नुसता हात तसाच धरून ठेवला.

मी डाव्या खिशातून किलोचं वजन काढून तिच्या हातावर ठेवलं. हात मागे गेला नाही. उजव्या खिशातून अर्ध्या किलोचं ठेवलं. हात तरीही तसाच. मोज्यातून दोनशेची दोन्ही काढली. मग शंभराचं.

"एका आईची लेकरं," ताई म्हणाली आणि हसली. टाक्यांवर हात दाबून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही राहवलं नाही.

माझं खरं वजन ५७.२००. ताईचं ३९.६००, दवाखान्यात थोडं उतरलंच. दोन अंडी उकडली, एक तिला, एक मला. मेजाशी समोरासमोर बसून खाल्ली.